कोयत्याचे मत आणि कोयत्याचा दर

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगाराच्या मताचे मोल आता वेगळे सांगावयास नको. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत येथील निकाल अवघ्या ६,५५३ मतांनी फिरला. त्याच वर्षी विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबरला होते, आणि गाळप हंगाम १५ नोव्हेंबरपासून! उचल घेतलेल्या जोडप्याने मतदान केंद्र पाहावे की मुकादमाची गाडी?

मताची ही गत, तर दराची काय सांगावी? जानेवारी २०२४ मध्ये संपाच्या इशाऱ्यानंतर तोडणीदरात ३४ टक्के वाढ झाली. वाढ खरी आणि स्वागतार्ह. परंतु तडजोड घडविणारे दोघे कोण? एक शरद पवार, साखर कारखानदारीचे ज्येष्ठ नेते. दुसऱ्या पंकजा मुंडे, कामगारांच्या नेत्या खऱ्या, पण परळीच्या वैद्यनाथ कारखान्याचे अध्यक्षपदही त्यांनी सांभाळलेले. ज्याच्या हाती कोयता, त्याचे गाऱ्हाणे तेथे दुसऱ्याच्या तोंडून गेले.

फडात तर तेही नाही. एक दिवस खाडा झाला की दंड उचलीत चढतो. २०१९ मध्ये शासकीय समितीने पाहिलेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. त्यामागे या खाड्याची धास्तीही होतीच. गोपीनाथ मुंडे यांच्या नावे महामंडळ झाले. त्याने निदान उचलीचा लेखी हिशेब कामगाराच्या हाती देववावा, आणि खाड्याचा दंड बेकायदा ठरविण्यासाठी शासनाकडे आग्रह धरावा.