त्रैराशिकाचा उपयोग

त्रैराशिक शिकवितांना मुलें विचारीत, “गुरुजी, याचा उपयोग काय?” तेव्हां आम्ही वाण्याचा हिशेब सांगत असूं. आतां लॅब्राडोरची गोष्ट सांगूं.

१९०३ सालीं लिओनिडास हबर्ड हा अमेरिकन तरुण दोन सोबत्यांसह, एकाच होडींतून, त्या निर्जन उत्तरप्रदेशांत निघाला. नॅस्कॉपी नदीचें मुख चुकून तो भलत्याच ओढ्यांत शिरला. मासे धरण्याचें जाळें जुनें निघालें, शिधा संपला. सोबती मदत आणावयास गेले असतां ऑक्टोबरांत तो उपासमारीनें तंबूंत वारला.

१९०५ सालीं त्याची पत्नी मीना त्याच कार्यास निघाली. वाटाड्या तोच, जॉर्ज एल्सन. कारण पूर्वीं काय चुकलें हें तो जाणत होता. होड्या दोन, गडी एकंदर चार. पीठ ३९२ पौंड घेतलें. म्हणजे पांच माणसांस दोन महिने, माणशीं रोज सुमारें सव्वा पौंड. याहून कमी तर उपास. फार अधिक तर धबधब्यांच्या बाजूनें होड्यांसकट तें सारें पाठीवर वाहावयाचें! शिवाय उंगावा उपसागराकडे ऑगस्टअखेर अपेक्षित असलेली आगबोट चुकली, तर हिवाळा तेथेंच काढणें प्राप्त. म्हणून दिवसही मोजलेले. २७ जूनला निघून ती २७ ऑगस्टला मुक्कामीं पोहोंचली. आगबोट अद्याप यावयाची होती.

त्या बाईचें धैर्य मोठें खरें. परंतु आम्हां मास्तरांस तिचा हिशेब अधिक वंद्य वाटतो. शोक आवरून तिनें पीठ तोललें.