आधी घड्याळ लावा, मग ॲप काढा

परवा कँटीनमध्ये बोलता बोलता मी अमेरिकेतल्या डर्ट ट्रॅकचा विषय काढला. छोट्या गावांतले हे मातीचे रेसिंग ट्रॅक कसे एकेक करून बंद पडतायत, वगैरे. पुढच्या पाच मिनिटांत आमच्या टेबलावर एक स्टार्टअप तयार झाला. एकाने तिकिटांसाठी ॲप काढलं, दुसऱ्याने गर्दीप्रमाणे बदलणारे दर लावले, तिसऱ्याने लाईव्ह स्ट्रीमिंग आणि एआयने कापलेले हायलाईट्स जोडले. चहा संपेपर्यंत फंडिंग मिळायचंच काय ते बाकी होतं :-)

या चौघांपैकी एकानेही आयुष्यात डर्ट ट्रॅक पाहिलेला नाही. मी पाहिलाय. दोन उन्हाळे पाहिलाय, आणि म्हणूनच त्या दिवशी जे बोलायचं राहून गेलं ते इथे लिहितोय.

माझं ऑनसाईट आयोवातल्या डी मॉईनला होतं (लिहिताना इंग्रजीत दोन एस लावतात, बोलताना दोन्ही गिळतात). गाव इन्शुरन्स कंपन्यांचं, त्यामुळे देसी आयटीवाले भरपूर. आणि आजूबाजूला मका. मक्याच्या पलीकडे अजून मका. पहिल्याच उन्हाळ्यात शेजारच्या क्यूबिकलमधल्या साठीतल्या एका अमेरिकन काकांनी विचारलं, "शनिवारी काय करतोस?" खरं उत्तर 'काही नाही' असंच होतं, म्हणून गेलो. नॉक्सव्हिलला.

आता ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डर्ट ट्रॅक म्हणजे मातीचा लंबगोल, साधारण पाव ते अर्धा मैल लांबीचा. असे बरेच ट्रॅक कौंटी फेअरच्या मैदानात असतात. कौंटी फेअर म्हणजे आपली जत्राच समजा: गुरं, पाळणे, तळकट खाणं, सगळं तेच. अशा कित्येक ठिकाणी पूर्वी घोडे पळायचे, मग गाड्या पळायला लागल्या. नॉक्सव्हिल हे जेमतेम साडेसात हजार वस्तीचं गाव, आणि ट्रॅकच्या स्टँडमध्ये जागा वीस हजारांच्या वर! १९६१ पासून तिथे दर ऑगस्टमध्ये 'नॉक्सव्हिल नॅशनल्स' भरते, स्प्रिंट कारची पंढरी म्हणा हवं तर. स्प्रिंट कार म्हणजे साडेसहाशे किलोच्या आसपासची गाडी, इंजिन नऊशे हॉर्सपॉवरच्या घरातलं, डोक्यावर आडवा पत्र्याचा पंख. स्टार्टर नाही, नेहमीसारखा गिअरबॉक्स नाही. मागून ट्रकने ढकलायची आणि सुरू करायची. पेट्रोल नाही, मेथॅनॉल. पहिल्यांदा चोवीस गाड्या एकदम वळणात तिरक्या घुसल्या तेव्हा माझ्या हातातलं नाचोजचं ताट मांडीवर आलं. टीव्हीवर यातलं काहीही कळत नाही. तो आवाज बरगड्यांत ऐकू येतो.

असो. मुद्दा नॉक्सव्हिलचा नाही, नॉक्सव्हिल श्रीमंत आहे. मुद्दा आहे त्या शेकडो ट्रॅकचा ज्यांची नावं कुणाला माहीत नाहीत. काका मला नंतर त्यांच्या घराजवळच्या अशाच एका छोट्या ट्रॅकवर घेऊन गेले. सोबत त्यांचा सहा वर्षांचा नातू. कानाला मोठे हेडफोनसारखे कानबंद, हातात खेळण्यातली गाडी, अंगात नुसता उत्साह. सहा वाजता सुरू व्हायचं ते सात वाजता झालं. सात प्रकारच्या गाड्या, प्रत्येक प्रकाराच्या दोन-तीन हीट्स, प्रत्येक हीटमध्ये दोन-तीनदा कुणीतरी गरकन फिरून आडवा होणार, पिवळा झेंडा, थांबा, रांग लावा, पुन्हा सुरू. मग ट्रॅक खरवडून पाणी मारायला 'छोटा' ब्रेक, पाऊण तासाचा. धूळ इतकी की माझी पॉपकॉर्न तपकिरी झाली. ज्या फायनलसाठी आलो होतो ती सुरू झाली रात्री पावणेबाराला. नातू साडेनऊलाच काकांच्या खांद्यावर झोपला होता. स्टँडमध्ये उरलेल्या शंभरेक माणसांपैकी बहुतेक जण पळणाऱ्यांच्या मावश्या आणि मेव्हणे होते.

इथेच माझ्या डोक्यात किडा वळवळला. हा माणूस, म्हणजे ट्रॅकचा प्रमोटर, स्वतःच्या गिऱ्हाईकाला इतकं छळतो का? मूर्ख तर नसणार. परत येताना काकांनी गाडीत सगळं गणित सांगितलं.

ट्रॅकला दोन दारं असतात. पुढचं दार प्रेक्षकांचं, मागचं दार पळणाऱ्यांचं. मागच्या दाराने ड्रायव्हर येतो, त्याचा भाऊ, मेकॅनिक मित्र, बायको, आणि प्रत्येकजण 'पिट पास' विकत घेतो, जो तिकिटापेक्षा चांगलाच महाग असतो. आता समजा (आकडे माझे, फक्त हिशोबापुरते) पिट पास ३५ डॉलर, तिकीट १५. सात क्लास, प्रत्येकी १६ गाड्या, गाडीमागे चार माणसं: मागच्या दाराने पंधरा हजारांच्या वर डॉलर. पुढच्या दाराने सातशे माणसं आली तर साडेदहा हजार. शिवाय मागचं दार भरवशाचं. ढग आले की प्रेक्षक घरी बसतो, पण ज्याने आठवडाभर गॅरेजमध्ये इंजिन उघडून ठेवलंय तो बहुधा येतोच. मग धंदा मंद असेल तर प्रमोटर काय करणार? अजून एक क्लास वाढवणार. १६ गाड्या, ६४ माणसं, सव्वादोन हजार डॉलर, बक्षिसाची रक्कम फुटकळ. कागदावर निव्वळ फायदा.

फक्त त्या क्लासने रात्र अजून पाऊण तासाने लांबते, आणि ती पाऊण तास कुठल्याच वहीत लिहिली जात नाही. साडेनऊला उठून गेलेलं कुटुंब त्या दिवशी तिकीट काढून बसलेलं असतं, म्हणजे त्या दिवसाचा गल्ला शाबूत. ते पुढच्या शनिवारी येत नाही. त्याच्या पुढच्याही नाही. प्रमोटरला दिसतं एवढंच की पुढचं दार घटतंय. मग तो काय करतो? बरोबर, अजून एक क्लास. आपल्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर स्लो झाला म्हणून त्याच सर्व्हरवर अजून चार जॉब चढवण्यातला हा प्रकार. शेवटी ट्रॅक पळणाऱ्यांचा खाजगी क्लब होऊन बसतो, आणि मग सगळे म्हणतात की 'हल्लीच्या पोरांना मोबाईल सोडवत नाही'.

क्लास वाढण्याचं अजून एक कारण आहे. कुठलाही स्वस्त क्लास सुरू करा, दोन-तीन वर्षांत कुणीतरी पैसेवाला येऊन त्यात महाग इंजिन घालतो. गरीब गडी मागे पडतो, मग त्याच्यासाठी नवा स्वस्त क्लास. यावर एक झकास तोड आयोवातच निघालेली आहे. व्हिंटन गावच्या आयएमसीए या संस्थेने १९७९ मध्ये 'मॉडिफाईड' नावाचा क्लास काढला, त्यात नियम असा की शर्यत संपल्यावर प्रतिस्पर्धी ठरलेली रक्कम देऊन तुमचं इंजिन मागू शकतो. द्यावं लागतं. आता घाला महागाचं इंजिन! इन्स्पेक्टर नको, लॅब नको, नुसता एक नियम. मी इतकं सुंदर डिझाईन आमच्या क्षेत्रात क्वचित पाहिलंय.

तर माझं म्हणणं सरळ आहे. ट्रॅक वाचवायचा असेल तर रात्र छोटी करा. एका रात्री चार क्लास, जास्त नाही. बाकीचे आलटून पालटून, एक शनिवार सोडून. सातला हिरवा झेंडा म्हणजे सातला, सव्वासातला नाही. हीटमध्ये जो दोनदा आडवा झाला तो घरी. मुख्य फायनल साडेनऊच्या आत, म्हणजे सहा वर्षांचं पोर जागं असताना. नॉक्सव्हिलच्या नेहमीच्या शनिवारी सहसा तीनच क्लास पळतात, आणि सगळे स्प्रिंट कारचे. बाकी वैभव सोडा, एवढं तर कुणालाही उचलता येईल, त्याला वीस हजारांचं स्टँड लागत नाही.

यावर पळणारे चिडणार हे मला माहीत आहे. काकांचा पुतण्या पळतो, तो माझ्यावर चिडलाच. म्हणाला, "आमच्या पिट पासवर ट्रॅक चालतो आणि आम्हालाच बाहेर काढतोस?" त्याचं अर्ध बरोबर आहे. पहिल्या सीझनला खड्डा पडेल, काही गाड्या शेजारच्या ट्रॅकवर जातील, आणि ज्याच्याकडे एक वर्ष तोटा सोसायची ताकद नाही त्याने हे करू नये असंही कुणी म्हणेल. पण त्याच पुतण्याचे टायर, मेथॅनॉल आणि मोडलेला पत्रा हे सगळं धरलं तर तो जिंकूनही खिशातून भरतो. रिकाम्या स्टँडसमोर बक्षीस वाढणार कुठून? तो स्वतःच्याच पिट पासमधून स्वतःचं बक्षीस घेतोय. आमच्या सोसायटीच्या भिशीसारखं.

मातीचंही तेच. कुस्तीच्या हौद्यात आपल्याकडे ताक, तेल, लिंबू, हळद घालून माती जपतात, कारण पैलवानाची पाठ तिच्यावर पडणार असते. डर्ट ट्रॅकची मातीही रोज मळावी लागते. दुपारपासून पाणी, रोलर, मग गाड्या हळू फिरवून दाबणं. नीट केली तर ती ओलसर चिकट राहते आणि गाड्या शेजारी शेजारी पळतात. टाळाटाळ केली की धूळ उठते, आणि ती बसते स्टँडमध्ये पैसे देऊन आलेल्या बाईच्या केसांत. पाण्याच्या टँकरच्या दोन जास्त खेपा हा तुमचा मार्केटिंग खर्च आहे.

जुन्या काळात हे कळणारी माणसं होती. ओहायोतल्या रॉसबर्गजवळचा एल्डोरा ट्रॅक १९५४ मध्ये अर्ल बाल्टेसने बांधला. हा गडी रेसर नव्हता, वाद्यवृंदवाला होता, शेजारीच त्याचा नाचाचा हॉल. म्हणजे लोक शनिवारी रात्री पैसे कशासाठी देतात हे त्याला आधीपासून ठाऊक. २००१ मध्ये त्याने एका शर्यतीला दहा लाख डॉलरचं पहिलं बक्षीस लावलं, मातीवर! २००४ मध्ये टोनी स्टुअर्टने ट्रॅक विकत घेतला, आणि आता तिथे दर शनिवारची शर्यत नसतेच, वर्षातून मोजके मोठे कार्यक्रम असतात. प्रत्येकाला एल्डोरा होता येणार नाही. पण वीस मरगळलेल्या शनिवारांपेक्षा बारा भरलेले बरे, हे समजायला टोनी स्टुअर्ट व्हायची गरज नाही.

आता स्ट्रीमिंग. अमेरिकेत फ्लोरेसिंग आणि डर्टव्हिजन आहेत, आणि ट्रॅकवाले त्यांना शिव्या घालतात. मला पटत नाही. आपल्या बैलगाडा शर्यती बघा. २०१४ ला बंदी आली, डिसेंबर २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने परवानगी दिली, मे २०२३ मध्ये कायदाच वैध ठरवला. तेव्हापासून यूट्यूबवर लाईव्ह बैलगाडा रतीब घातल्यासारखा चालू आहे. घाटावरची गर्दी कमी झाली? उलट! कारण तो निवेदक, ती भिर्रर्र आरोळी, धुरळा, उसाचा रस हे फोनमधून मिळत नाही. (अर्थात तिथे प्रेक्षकाकडून तिकीट घ्यायची वेळ येत नाही, बक्षिसाची मोटरसायकल कुणीतरी भावी आमदार देतो. आयोवात ती सोय नाही.) स्ट्रीमिंगमुळे फक्त तोच घरी बसतो ज्याला स्टँडमध्ये मध्यरात्रीपर्यंत धूळ खायची नाही. मी त्याला दोष कसा देऊ?

आणि नुसत्या पैशानेही होत नाही. २०२१ मध्ये नॅसकारने ब्रिस्टलच्या काँक्रीट ट्रॅकवर दोन हजारांहून जास्त ट्रक माती आणून ओतली. तीन वर्षं शर्यत झाली, २०२४ पासून बंद. माती विकत मिळते हो, शनिवारची सवय नाही मिळत.

ही सवय एकदा गेली की जमीन जाते, आणि जमीन परत येत नाही. लॉस एंजेलिसजवळचा ॲस्कॉट पार्क १९९० मध्ये गेला, फिनिक्सचा मँझनिटा २००९ मध्ये. छोट्या ट्रॅकभोवती आधी शेतं असतात, मग घरं येतात, मग घरवाले आवाजाची तक्रार करतात. आपल्याकडे गावाशेजारी फ्लॅट घेऊन जत्रेच्या स्पीकरवर सोसायटीच्या ग्रुपमध्ये निबंध लिहिणारे आहेतच की. पण खरं सांगायचं तर रात्री साडेबाराला नऊशे हॉर्सपॉवर ऐकू आली तर मीही तक्रार करीन. दहाला संपवा, म्हणजे निम्मे शेजारी भांडायला येणार नाहीत. तिकीट काढून येतीलही कदाचित.

कँटीनमधल्या मित्रांनो, ॲप नंतर करू. मी स्वतः करून देईन, फुकट. पण ज्या ट्रॅकला फायनल किती वाजता आहे हे सांगता येत नाही, त्याच्या ॲपवर मी दाखवू काय?

काल काकांचा मेसेज आला. त्यांच्या घराजवळच्या त्या ट्रॅकने या सीझनला आठवा क्लास सुरू केलाय. मी विचारलं, नातू येतो का अजून?

म्हणाले, "तो आता बेसबॉलला जातो. साडेआठला घरी."