चार गळे, पाचवा सूर

‘द मामाज अँड द पापाज’ हा अमेरिकन गायकसंच १९६५ मध्ये पुढे आला आणि १९६८ मध्ये विस्कटला. जॉन फिलिप्स, त्याची पत्नी मिशेल, कॅनडातल्या हॅलिफॅक्सचा डेनी डोहर्टी आणि कॅस इलियट असे हे चौघे. सगळे लोकगीतांच्या मैफलींतून आलेले. लॉस एंजलिसमध्ये निर्माता लू ॲडलरने त्यांच्या गळ्यांमागे इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम्स उभे केले. त्यांच्या गाजलेल्या गाण्यांचा पहिला संग्रह १९६७ मध्येच निघाला, १९६९ मध्ये सोळा गाण्यांचा आणखी एक आला. या चौघांनी केलेले बहुतेक मोलाचे काम अशा एका तबकडीत मावते, आणि ते अजून शिळे झालेले नाही.

या गाण्यांची ओढ आहे ती स्वरमेळाची. गाणी बहुतेक जॉनने लिहिली आणि कोणत्या गळ्याने कुठला सूर धरायचा हेही त्यानेच बसवले. ध्वनिमुद्रक बोन्स हाऊ चौघांचे गायन एकदा टिपून त्यावर पुन्हा तेच गायन चढवत असे, त्यामुळे चार गळ्यांना मोठ्या वृंदाचा भरदारपणा येई. सूर नेमके जुळले की कोणीही न गायलेला एक पाचवा आवाज वर तरंगू लागे. चौघांनी त्याला ‘हार्वी’ असे नावच दिले होते. तानपुरा चांगला लागला की स्वयंभू गंधार ऐकू येतो, त्याच जातीची ही किमया.

‘कॅलिफोर्निया ड्रीमिन’’ हे त्यांचे सर्वांत ओळखीचे गाणे. जॉन आणि मिशेल यांनी ते १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या हिवाळ्यात रचले, मिशेलला कॅलिफोर्नियाच्या उन्हाची आठवण छळत असताना. ते आधी बॅरी मॅग्वायरच्या आवाजात मुद्रित झाले होते. तीच वाद्यसाथ ठेवून त्यावर डेनीचा आवाज घातला गेला. स्टिरिओ मुद्रणात डाव्या बाजूला कान देऊन ऐकले, तर सुरुवातीला मॅग्वायरचा पुसट आवाज आजही सापडतो. डेनी ओळ सोडतो आणि बाकीचे मागून झील धरतात, त्या झिलीत गारठा आहे. मधला तुकडा जॅझवादक बड शँकने आल्टो फ्लूटवर, म्हणजे नेहमीच्या फ्लूटहून खर्जातल्या वाद्यावर वाजवला. गिटारच्या जागी ही घोगरी फुंकर आली नसती, तर गाण्यातली हुरहुर निम्म्याने कमी झाली असती.

‘मंडे, मंडे’ मे १९६६ मध्ये बिलबोर्डच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. त्यात एके ठिकाणी सगळे एकदम थांबते, गाणे संपले असे वाटते, आणि चौघे अर्ध्या सुराने वर उचलून पुन्हा सुरू करतात. ‘आय सॉ हर अगेन’मध्ये डेनीची एक ओळ वेळेआधी सुरू होऊन तुटते. ही खरे तर मुद्रणातली चूक, पण ॲडलरने ती तशीच राहू दिली आणि ऐकणारे नेमकी तीच जागा लक्षात ठेवतात. हे गाणे जॉन आणि डेनीने मिळून लिहिले, तेही डेनी आणि मिशेल यांच्या प्रेमप्रकरणावर. चाल उजळ आणि शब्दांत कळ, ही या संचाची खरी खूण. नुसत्या आनंदाची गाणी इतकी टिकली नसती.

‘डेडिकेटेड टू द वन आय लव्ह’ मिशेलच्या बारीक, जवळजवळ कुजबुजत्या आवाजाने उघडते, मग मागचा मेळ भरत जातो. कॅसचा गळा मात्र मेळातही झाकला जात नसे. १९३१ सालचे ‘ड्रीम अ लिटल ड्रीम ऑफ मी’ तिने १९६८ मध्ये गायले. इथे तिचाच आवाज पुढे आहे. ती शब्द सावकाश सोडते, कोणाला निजवताना बोलावे तशी. याच गाण्यापासून तिची एकटीची वाट सुरू झाली. १९७४ मध्ये, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, तिचे लंडनमध्ये निधन झाले.