पेण-रोह्यात मुक्काम करताय? हॉटेलच्या बिलात पैसे नेमके कुठे वाचतात, समजून घ्या

शुक्रवारी संध्याकाळी फॅमिली ग्रुपवर मेसेज येतो, 'उद्या अलिबागला जायचं का?' मग सगळे आपापल्या फोनवर ॲप उघडून बसतात. पहिल्या पानावर खोली २,८०० रुपयांची दिसते. पैसे भरायच्या पानावर ती ३,१०० च्या आसपास गेलेली असते. खाली लाल अक्षरांत 'फक्त १ खोली शिल्लक' असं लिहिलेलं असतं. कोणीतरी घाईघाईत पैसे भरतं आणि दुसऱ्या दिवशी हॉटेलवर गेल्यावर दिसतं, की अर्ध्या खोल्या रिकाम्याच आहेत.

असं का होतं? खोलीचा भाव, त्यावरचा कर, ॲपचं कमिशन आणि तुमची घाई, अशा चार गोष्टी बिलात एकत्र आलेल्या असतात. त्या सुट्या करून पाहिल्या, की पैसे कुठे वाचतात ते कळतं. त्यासाठी रायगड जिल्ह्यातली पेण आणि रोहा ही दोन गावं चांगलं उदाहरण आहेत. बहुतेक पर्यटक या दोन्ही गावांवरून पुढे निघून जातात, पण मुक्कामाचा विचार फारसा कोणी करत नाही.

पेण-रोह्याचा आठवडा अलिबागच्या उलटा

अलिबाग, काशीद, मुरूड ही सुट्टीची गावं. सोमवार ते गुरुवार तिथे खोल्या सहज मिळतात आणि शनिवारी भाव चढतात. ३१ डिसेंबर, दिवाळीची सुट्टी आणि जोडून आलेल्या सुट्ट्यांना तर विचारायलाच नको.

पेण-रोह्याच्या पट्ट्याची गोष्ट वेगळी आहे. पेण तालुक्यात डोलवीला पोलादाचा मोठा कारखाना आहे, पुढे नागोठण्याला पेट्रोकेमिकलचा प्रकल्प आहे आणि रोह्याला लागून धाटावची एमआयडीसी आहे. इथल्या लॉज आणि हॉटेलांत कामानिमित्त येणारे लोक मोठ्या संख्येने असतात. यंत्र बसवायला आलेले तंत्रज्ञ, कंपन्यांचे प्रतिनिधी, ठेकेदारांची माणसं. ही मंडळी सोमवारी येतात आणि शुक्रवार-शनिवारी घरी जातात. म्हणजे समुद्रकाठच्या खोल्या भरतात, नेमक्या त्याच वेळी इथल्या खोल्या मोकळ्या होण्याची शक्यता जास्त असते. शनिवारच्या रात्रीसाठी घासाघीस करायची, तर अलिबागपेक्षा इथे तुमचं म्हणणं ऐकून घेतलं जाईल.

याला अपवाद आहे गणपतीच्या आधीच्या दिवसांचा. पेण, हमरापूर, जोहे हा गणेशमूर्तींचा पट्टा. त्या दिवसांत मूर्ती न्यायला येणारे व्यापारी आणि कोकणात निघालेले चाकरमानी, दोन्हींची गर्दी याच महामार्गावर असते. तेव्हा आयत्या वेळी स्वस्त खोली मिळेल, या भरवशावर राहू नका.

आणखी एक बदल लक्षात घ्या. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतू सुरू झाला आणि २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून विमानं उडू लागली. मुंबईहून पेण जवळ आलंय आणि बाहेरच्या राज्यांतून येणाऱ्यांनाही रायगड सोपा झालाय. मागणी वाढली, की भावही वाढतात. त्यामुळे बिल वाचायची सवय आताच लावून घेतलेली बरी.

जीएसटी कमी झाला, मग खोली तेवढी स्वस्त का नाही?

२२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंत भाडं असलेल्या खोलीवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. ३,००० रुपयांच्या खोलीवर आधी ३६० रुपये कर लागायचा, आता १५० लागतो. म्हणजे एका रात्रीला २१० रुपये वाचले. दोन खोल्या आणि दोन रात्री धरल्या तर ८४० रुपये.

पण या बदलाला दुसरी बाजू आहे. आधी हॉटेलवाला आपल्या खर्चावर भरलेल्या जीएसटीची वजावट घेऊ शकत होता. साबण-चादरींपासून दुरुस्तीपर्यंतच्या खर्चावरचा कर त्याला वळता करता यायचा. ५ टक्क्यांच्या दरात ही वजावट नाही. तो कर आता त्याच्या खिशातून जातो. म्हणून काही ठिकाणी मूळ भाडंच थोडं वाढलेलं दिसलं, तर त्याचं एक कारण हे असू शकतं.

सगळ्यात मोठा फरक ७,५०० च्या रेषेवर पडतो. त्याच्या वर गेलात की जीएसटी १८ टक्के. आणि तो फक्त वरच्या रकमेवर नाही, पूर्ण भाड्यावर. ७,५०० ची खोली करासह ७,८७५ रुपयांना पडते. ७,६०० ची खोली पडते ८,९६८ ला. भाड्यात फरक १०० रुपयांचा आणि बिलात १,०९३ रुपयांचा. बंगला किंवा रिसॉर्ट घेताना भाडं या रेषेच्या किंचित वर असेल, तर सरळ सांगा, 'साडेसात हजारांत बसवा.' कर प्रत्यक्ष आकारलेल्या भाड्यावर लागतो, त्यामुळे मालकाचे १०० रुपये कमी होतात आणि तुमचे हजारावर वाचतात.

जेवणाच्या बिलातही ही रेषा येते. एखाद्या हॉटेलने मागच्या आर्थिक वर्षात कुठलीही खोली ७,५०० च्या वर दिली असेल, तर त्याच्या आवारातल्या रेस्टॉरंटच्या जेवणावरही १८ टक्के जीएसटी लागतो. बाहेरच्या साध्या रेस्टॉरंटमध्ये ५ टक्के. चार जणांच्या कुटुंबाचं दोन दिवसांचं जेवण धरलं, तर हा फरक डोळ्यांत भरण्याइतका होतो. आणि बिलात 'सेवा शुल्क' लावलेलं असेल, तर ते देणं सक्तीचं नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचना तसं सांगतात आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या योग्य ठरवल्या.

ॲपवरच्या ३,००० पैकी मालकाला किती मिळतात?

कमिशन प्रत्येक हॉटेलच्या करारावर अवलंबून असतं. हिशेबासाठी २० टक्के धरू. ३,००० च्या खोलीवर ६०० रुपये कमिशन आणि त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १०८ रुपये. मालकाच्या हातात राहतात २,२९२.

वर पाहिलेली वजावटीची गोष्ट इथे परत येते. हे १०८ रुपये आधी मालकाला वळते करून घेता यायचे, आता येत नाहीत. म्हणजे सप्टेंबर २०२५ नंतर मध्यम दराच्या हॉटेलांना ॲपवरचं गिऱ्हाईक थोडं जास्त महाग पडू लागलंय आणि थेट फोन करणारं गिऱ्हाईक जास्त हवंहवंसं झालंय.

तुम्ही फोन करून २,६०० ला खोली मागितली आणि त्याने दिली, तर त्याला ३०८ रुपये जास्त मिळतात. तुमचं बिल करासह २,७३० होतं. ॲपवर ते ३,१५० अधिक सुविधा शुल्क झालं असतं. दोघांचाही फायदा. पेण-रोह्यातल्या १०-१२ खोल्यांच्या लॉजला एका रात्रीचे ३०० रुपये म्हणजे लहान रक्कम नाही.

छोट्या होमस्टेचं गणित आणखी वेगळं आहे. ज्याची वर्षाची उलाढाल २० लाखांपेक्षा कमी आहे, अशा मालकाला साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. त्याच्याकडे थेट राहिलात तर जीएसटी शून्य. तीच खोली ॲपवरून घेतली, तर कायद्यानुसार तो कर ॲपला भरावा लागतो आणि तुमच्या बिलात ५ टक्के येतात. उलट, नोंदणी नसलेल्या माणसाला तुमच्याकडून जीएसटी घेताच येत नाही. बिलात जीएसटी लावला असेल, तर त्यावर जीएसटी नंबर आहे का ते पाहा. हा नंबर जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर कोणालाही तपासता येतो.

मग सगळीकडे एकच भाव का दिसतो?

भारतीय स्पर्धा आयोगाने १९ ऑक्टोबर २०२२ ला मेकमायट्रिप-गोआयबिबोला २२३.४८ कोटी आणि ओयोला १६८.८८ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. तक्रार हॉटेल आणि रेस्टॉरंट मालकांच्या राष्ट्रीय संघटनेची होती. त्यातला एक मुद्दा असा, की 'दुसऱ्या ॲपवर आमच्यापेक्षा कमी भाव द्यायचा नाही, जास्त खोल्याही द्यायच्या नाहीत' अशा अटी हॉटेलांवर होत्या. आयोगाने मेकमायट्रिप-गोआयबिबोला या अटी करारातून काढायला सांगितलं.

युरोपातही हाच वाद झाला. १९ सप्टेंबर २०२४ ला युरोपीय संघाच्या न्यायालयाने बुकिंग डॉट कॉमच्या प्रकरणात सांगितलं, की असं प्लॅटफॉर्म चालवण्यासाठी भावबंदीच्या अटी आवश्यकच आहेत, असं म्हणता येणार नाही.

ग्राहकासाठी याचा अर्थ एवढाच, की चार ॲपवर सारखा भाव दिसला म्हणजे तोच खरा भाव असं समजू नका. मालक काउंटरवर किंवा फोनवर काय सांगतो, ते वेगळं असू शकतं. आणि त्याला भाव कमी करणं अडचणीचं असेल, तर दुसरं काहीतरी मागा. सकाळचा नाश्ता, लवकर चेक-इन किंवा मुलांसाठी जादा गादी फुकट.

म्हणजे ॲप वापरायचंच नाही?

असं नाही. बँकेच्या कार्डावरची सवलत किंवा कूपन लागून ॲपवर तीच खोली २,५०० ला पडत असेल, तर ॲपच स्वस्त. शिवाय बुकिंग रद्द केल्यावर पैसे परत मिळण्याची अट ॲपवर लिहिलेली असते. थेट बुकिंगमध्ये ती तुम्हालाच लिहून घ्यावी लागते. म्हणून तुलना पहिल्या पानावरच्या भावाची करू नका, पैसे भरायच्या शेवटच्या आकड्याची करा.

घाई मात्र करू नका. 'एकच खोली शिल्लक' याचा अर्थ बऱ्याचदा त्या ॲपच्या वाट्याला आलेल्या खोल्यांपैकी एक, असा असतो. खोटी घाई दाखवणं, न विचारता विमा किंवा देणगी बिलात घुसवणं, शेवटच्या पानापर्यंत थोडी थोडी किंमत वाढवत नेणं, हे प्रकार केंद्र सरकारच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार 'डार्क पॅटर्न' ठरतात. त्या यादीत असे १३ प्रकार आहेत. स्क्रीनशॉट काढून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते.

थेट बुकिंगचा धोका वेगळा असतो. सोशल मीडियावर सुंदर बंगल्याचे फोटो, अर्ध्या किमतीचा भाव आणि 'लगेच पूर्ण पैसे पाठवा'चा तगादा, असं दिसलं की थांबा. नकाशावर ती जागा आणि तिथले जुने अभिप्राय आहेत का ते पाहा, व्हिडिओ कॉलवर खोली दाखवायला सांगा आणि आगाऊ रक्कम कमीत कमी द्या. फसवणूक झालीच, तर लगेच १९३० वर फोन करा. जितक्या लवकर तक्रार कराल, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

लांब राहून खरंच वाचतं का?

हा प्रश्न प्रामाणिकपणे तपासायला हवा. पेण ते अलिबाग साधारण ३० किलोमीटर. जाऊन-येऊन ६० किलोमीटर म्हणजे गाडीला चार लिटर पेट्रोल, ४०० रुपयांच्या वर. शिवाय वडखळ नाक्यावरची कोंडी. पेणची खोली अलिबागपेक्षा ५०० रुपयांनीच स्वस्त असेल, तर हा सौदा फायद्याचा नाही. पहाटे उठून समुद्रावर चालायचं असेल, तर अलिबागलाच राहा.

पण कोलाडला कुंडलिकेत राफ्टिंग करायचं असेल, तर रोहा दहा-बारा किलोमीटरवर आहे. राफ्टिंग वीजनिर्मितीसाठी सोडलेल्या पाण्यावर चालतं आणि ते सकाळी होतं. त्यामुळे आदल्या रात्री रोह्यात राहिलात, तर नदीकाठच्या महागड्या पॅकेजची गरज उरत नाही. पालीचा बल्लाळेश्वर, कुड्याची लेणी, अवचितगड, फणसाडचं अभयारण्य, या सगळ्यांसाठीही रोहा मधलं गाव आहे. पालीला देवस्थानाचं भक्तनिवासही आहे.

गाडी नसेल तर गणित आणखी बदलतं. पेण, नागोठणे आणि रोहा ही तिन्ही स्टेशनं दिवा-पनवेल-रोहा मार्गावर आहेत. अलिबागला रेल्वे नाही. पुढे एसटीने जायचं, तर महिलांना मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट आहे आणि ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना प्रवास मोफत. आजी-आजोबांसह निघालेल्या कुटुंबाला एसटी स्टँडजवळची खोली समुद्रकाठच्या खोलीपेक्षा कितीतरी स्वस्त पडू शकते.

बुकिंगआधी एवढं करा

दोन ॲपवर शेवटचा आकडा पाहून ठेवा. मग हॉटेलला फोन करून 'थेट घेतली तर कितीला?' असं विचारा. तारीख, खोल्या, चेक-इनची वेळ, जादा माणसाचे पैसे, नाश्ता आणि रद्द केल्यास परतावा, हे सगळं व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. प्रवासाचा खर्च मिळवा आणि मग ठरवा.

या सगळ्याला पंधरा मिनिटं लागतात. दोन खोल्या आणि दोन रात्रींच्या सहलीत, वरच्या उदाहरणाच्या हिशेबाने, त्यातून १,६०० रुपयांच्या वर वाचतात. आणि कमिशनमधून वाचलेले आणखी हजारभर रुपये रोह्यातल्या त्या लॉजमालकाकडेच राहतात.