हृदयाचा पासवर्ड कुणाकडे?

पेसमेकर म्हणजे छातीत बसवलेला छोटासा कम्प्युटर. तो बसवला की काम संपत नाही, खरं काम तिथून सुरू होतं. तो तपासायचा कुणी, त्यातला डेटा कुणाचा, त्याचं सॉफ्टवेअर कुणाच्या हातात? ‘राइट टू रिपेअर’ आणि डेटा कायद्याची चर्चा सुरू आहेच, तर हेही प्रश्न विचारायला हवेत.

मोबाइलवर ‘सॉफ्टवेअर अपडेट’चा मेसेज आला की आपण काय करतो? ‘नंतर बघू’ म्हणून बाजूला सारतो. फार तर फार काय, फोन थोडा हँग होईल. पण हाच मेसेज छातीतल्या मशीनसाठी आला तर? आणि अपडेट चालू असताना तेच मशीन तुमचं हृदय चालवत असेल तर?

ही सायन्स फिक्शन नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने अ‍ॅबट कंपनीच्या (आधीची सेंट ज्यूड मेडिकल) पेसमेकरसाठी फर्मवेअर अपडेट जाहीर केलं. कुणीतरी जवळून वायरलेस पद्धतीने पेसमेकरमध्ये शिरून त्याचं सेटिंग बदलू शकेल, अशी त्रुटी सापडली होती. एकट्या अमेरिकेत असे सुमारे ४ लाख ६५ हजार पेसमेकर होते. अपडेट घरबसल्या होणार नव्हतं, क्लिनिकमध्ये जावं लागणार होतं. वेळ लागणार होता साधारण तीन मिनिटं, आणि तेवढा वेळ पेसमेकर मिनिटाला ६७ ठोक्यांच्या बॅकअप मोडवर चालणार होता.

आता गंमत बघा. या त्रुटीमुळे कुणा पेशंटला इजा झाल्याची एकही नोंद तेव्हा नव्हती. पण अपडेट करताना पेसमेकर पूर्ण बंद पडण्याची शक्यता ०.००३ टक्के होती. आकडा किरकोळ वाटतो ना? ४ लाख ६५ हजारांशी गुणून बघा. साधारण १४ माणसं. म्हणजे हॅकरची भीती मोठी की अपडेटची, हे प्रत्येक पेशंटचं वेगळं गणित. हृदय पूर्णपणे पेसमेकरवर अवलंबून असलेल्या माणसाचं उत्तर वेगळं येणार. म्हणूनच एफडीएने सरसकट पेसमेकर काढायला सांगितलं नाही, डॉक्टर आणि पेशंटने मिळून ठरवा असं सांगितलं.

‘प्रोग्रॅमर’ म्हणजे माणूस नव्हे!

पेसमेकर क्लिनिकमध्ये ‘प्रोग्रॅमर’ म्हणतात तो माणूस नसतो. लॅपटॉप किंवा टॅबलेटसारखं दिसणारं ते एक मशीन असतं. त्याला जोडलेला एक हेड छातीवर, पेसमेकरच्या जागी ठेवतात (नव्या मॉडेल्समध्ये हे वायरलेसही होतं) आणि पेसमेकर ‘बोलायला’ लागतो. पेशंटला काही टोचत नाही, दुखत नाही.

त्या काही मिनिटांत नेमकं काय बघतात? पहिली गोष्ट बॅटरी. ती साधारण ८ ते १२ वर्षं चालते, पण खर्च किती होतो त्यावर कमीजास्त. बॅटरी एका ठरावीक पातळीखाली गेली की ‘आता बदला’ अशी खूण दिसते आणि तिथून हातात साधारण तीन महिने उरतात. दुसरी गोष्ट लीड, म्हणजे हृदयापर्यंत गेलेली वायर. तिचा रेझिस्टन्स मोजतात. अचानक खूप वाढला तर वायर तुटली असेल किंवा जोड सैल झाला असेल. अचानक खूप घसरला तर वरचं इन्शुलेशन खराब झालं असेल. बारावीच्या फिजिक्समधला ओहमचा नियम इथे माणसाच्या छातीत वापरला जातो.

तिसरी टेस्ट सगळ्यात नाजूक, थ्रेशोल्डची. पेसमेकरचा झटका किती लहान केला तरी हृदय ठोका देतं, ते शोधायचं. समोर ईसीजी चालू ठेवून व्होल्टेज पायरीपायरीने खाली आणतात. २.५, २, १.५, १... एका पायरीला ईसीजीवर झटक्याची रेघ दिसते, पण मागोमाग ठोका येत नाही. तिथे लगेच थांबायचं आणि व्होल्टेज परत वर न्यायचं. समजा १ व्होल्टला ठोका मिळत होता, तर सेटिंग साधारण दुप्पट, म्हणजे २ व्होल्टवर ठेवतात. कमी ठेवलं तर एखाद दिवशी ठोका चुकेल. उगाच ५ वर ठेवलं तर बॅटरी लवकर संपेल आणि पेशंटला पुन्हा ऑपरेशन टेबलवर जावं लागेल. पेशंटची सुरक्षितता आणि बॅटरीचं आयुष्य यातला हा तोल प्रत्येकासाठी वेगळा साधावा लागतो. फॅक्टरी सेटिंगवर सोडून दिलेला पेसमेकर चालतो, पण चांगला चालतोच असं नाही.

याशिवाय पेसमेकरची डायरी असते. मधल्या महिन्यांत ठोके कधी अनियमित झाले, किती वेळ, सगळं त्यात नोंदलेलं असतं. कधी कधी पेशंटला काहीच जाणवलेलं नसतं, पण डायरीत एट्रियल फिब्रिलेशन सापडतं. त्याने पॅरालिसिसच्या झटक्याचा धोका वाढतो, मग रक्त पातळ करणारं औषध द्यायचं का, हे डॉक्टर ठरवतात. एका चेकअपमधून एवढं मिळतं. ते चुकलं तर एवढंच हुकतं.

पाच कंपन्या, पाच किल्ल्या

अडचण अशी की एका कंपनीचा प्रोग्रॅमर दुसऱ्या कंपनीच्या पेसमेकरशी बोलत नाही. मोबाइलच्या चार्जरसाठी जगाने एक टाइप-सी पोर्ट ठरवला, पण पेसमेकरसाठी तसं काहीच नाही. प्रत्येक कंपनीचं मशीन, सॉफ्टवेअर आणि भाषा वेगळी.

त्यामुळे आपल्याकडे अनेक ठिकाणी चेकअपच्या दिवशी कंपनीचाच टेक्निशियन प्रोग्रॅमर घेऊन येतो. तो कामात तरबेज असतो, यात वाद नाही. पण ज्या कंपनीने मशीन विकलं, तिचाच माणूस ‘बॅटरी संपत आली, नवीन बसवा’ असं सांगणार असेल, तर शेवटचा निर्णय डॉक्टरांनी स्वतः रिपोर्ट वाचून घ्यायला हवा. जगभरातल्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात: कंपनीचा माणूस मदतीला, जबाबदारी डॉक्टरची.

तालुक्याच्या गावात राहणाऱ्या पेशंटसाठी तर हा प्रश्न आणखी साधा आहे. पेसमेकर बसवण्याचा खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून होऊ शकतो. पण पुढची दहा वर्षं चेकअपला जायचं कुठे? आपल्या कंपनीचा प्रोग्रॅमर कुठल्या हॉस्पिटलमध्ये आणि कोणत्या वारी असतो, हे माहीत नसेल तर एक दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं दोन्ही वाया.

घरबसल्या तपासणी?

यावर एक उत्तर आहे रिमोट मॉनिटरिंग. उशाशी ठेवलेला ट्रान्समीटर किंवा मोबाइल अ‍ॅप पेसमेकरचा डेटा थेट हॉस्पिटलला पाठवतं. २०२३ मध्ये हृदयतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी म्हटलं की, पेशंटवर असं सतत लक्ष असेल आणि इतर काही तक्रार नसेल, तर प्रत्यक्ष भेट २४ महिन्यांपर्यंत लांबवता येते. नाहीतर नेहमीचा नियम दर ३ ते १२ महिन्यांनी चेकअप. दूरच्या पेशंटसाठी हे मोठंच आहे.

पण दोन अटी आहेत. एक, माहिती घरून जाते, सेटिंग मात्र सहसा क्लिनिकमध्येच बदलावं लागतं. दोन, तिकडे अलर्ट बघायला प्रशिक्षित माणूस हवा. अलर्ट आला आणि कुणी उघडलाच नाही, तर ते ब्लू टिक न आलेल्या मेसेजसारखंच. ही माणसं घडवण्यासाठी कार्डिओव्हॅस्क्युलर टेक्नॉलॉजिस्टसारख्या पेशांना आपल्याकडे २०२१ च्या कायद्याने मान्यता दिली आहे. इंजिनीअरिंग आणि मेडिकल यांच्या मधलं करिअर शोधणाऱ्यांनी इकडे नक्की बघावं.

डेटा माझा, पण दिसत का नाही?

नॉर्वेच्या सायबर सिक्युरिटी संशोधक मारी मो यांना स्वतःला पेसमेकर आहे. लंडनमध्ये मेट्रो स्टेशनच्या पायऱ्या चढताना त्यांना अचानक धाप लागली. ठोके वरच्या मर्यादेला पोहोचले आणि पेसमेकरने वेग एकदम खाली आणला होता. कारण शोधताना कळलं की प्रोग्रॅमरच्या स्क्रीनवर दिसणारं सेटिंग आणि पेसमेकरमधलं खरं सेटिंग वेगळंच होतं. हॅकर वगैरे कुणी नव्हता, होता साधा सॉफ्टवेअर बग. ‘माझ्या हृदयातला कोड मला तपासता आला पाहिजे’ ही त्यांची मागणी यातूनच उभी राहिली. अमेरिकेत २०१५ मध्ये कॉपीराइट कायद्यात सवलत देऊन, पेशंटने आपल्याच इम्प्लांटमधला डेटा मिळवणं गुन्हा ठरणार नाही, हे स्पष्ट करावं लागलं.

आपल्याकडे काय? डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. कायदा आपल्याला आपल्या डेटाचा ‘गोषवारा’ मागण्याचा हक्क देतो. पण पेसमेकरच्या पेशंटला गोषवारा पुरत नाही. हॉस्पिटल बदललं, शहर बदललं तर सेटिंग आणि नोंदींचा पूर्ण रिपोर्ट सोबत हवा. केंद्र सरकारने २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’साठी समिती नेमली, तेव्हा शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि गाड्या ही क्षेत्रं निवडली. ट्रॅक्टरच्या दुरुस्तीचा हक्क आपण मान्य करतोय, ही चांगलीच गोष्ट. मग शरीरातल्या मशीनचं काय?

कुणी घरी स्क्रू ड्रायव्हर घेऊन पेसमेकर उघडावा, असं इथे कुणीच म्हणत नाही. सेटिंग बदलायचं कुलूप पक्कंच हवं. पण वाचायचं कुलूप आणि बदलायचं कुलूप वेगळं असू शकतं. बँकेचं पासबुक कुणालाही आपलं बघता येतं, म्हणून तिजोरी उघडी पडत नाही. प्रत्येक चेकअपनंतर छापील रिपोर्ट पेशंटच्या हातात, सगळ्या कंपन्यांच्या डेटाचा वाचता येईल असा एक समान फॉरमॅट, आणि जिल्हा पातळीवर सगळ्या कंपन्यांचे प्रोग्रॅमर असलेलं एक तरी क्लिनिक. या तीन मागण्यांना नवं संशोधन लागत नाही, लागतो तो निर्णय.

१९५८ मध्ये स्वीडनच्या आर्ने लार्सन यांना जगातला पहिला पूर्ण शरीरात बसवलेला पेसमेकर मिळाला. तो काही तासच चालला. पण लार्सन ८६ वर्षं जगले. आयुष्यभरात त्यांनी एकूण २६ पेसमेकर वापरले. मशीन बिघडत गेलं, ते तपासणारी आणि बदलणारी माणसं मात्र शेवटपर्यंत सोबत होती.

घरात कुणाला पेसमेकर असेल तर...

* पेसमेकरचं ओळखपत्र (कंपनी, मॉडेल, तारीख) पाकिटात आणि त्याचा फोटो तुमच्या मोबाइलमध्ये ठेवा.
* पुढच्या चेकअपची तारीख कॅलेंडरमध्ये टाका. आजोबांना बरं वाटतंय म्हणून ती टाळू नका.
* प्रत्येक वेळी छापील रिपोर्ट मागून घ्या आणि फाइलला लावा.
* मोबाइल, इअरबड्सची केस, मॅग्नेट असलेल्या वस्तू पेसमेकरपासून किमान १५ सेंटिमीटर लांब. शर्टाच्या त्या बाजूच्या खिशात फोन नको.
* एमआरआय सांगितला तर आधी पेसमेकर क्लिनिकला कळवा. स्कॅनआधी मोड बदलावा लागतो आणि नंतर पूर्ववत करावा लागतो.
* चक्कर, धाप, छातीत सतत उचकीसारखे धक्के किंवा जखमेची जागा लाल होणं, यातलं काहीही दिसलं तर तारखेची वाट न बघता डॉक्टरकडे जा.