लॅग रांगेत असतो

माउसचे बटण दाबल्यापासून त्याचा परिणाम पडद्यावर दिसेपर्यंत जो वेळ जातो, तो इनपुट लॅग. हा वेळ अनेक टप्प्यांची बेरीज असतो. माउस यूएसबीवरून खबर देतो, गेम ती वाचून पुढची फ्रेम आखतो, प्रोसेसर ते काम ग्राफिक्स कार्डाच्या हवाली करतो, कार्ड फ्रेम रंगवते, विंडोज ती मॉनिटरकडे पोहोचवते आणि मॉनिटर ती वरून खाली ओळीओळीने उमटवतो. यातला काही वेळ प्रत्यक्ष कामात जातो. उरलेला वेळ तयार झालेले काम पुढच्या टप्प्याची वाट पाहत रांगेत पडून राहण्यात जातो. डिस्प्ले मोड आणि अ‍ॅडाप्टिव्ह सिंक यांचा लॅगशी जो संबंध आहे, तो जवळजवळ संपूर्णपणे या रांगेतून येतो. ‘एक्सक्लुझिव्ह फुलस्क्रीनच हवा’, ‘अ‍ॅडाप्टिव्ह सिंकने लॅग वाढतो’, ‘व्ही-सिंक नेहमी बंद ठेवावा’ आणि ‘फ्रेम जितक्या जास्त तितके बरे’ हे खेळाडूंमध्ये रूढ झालेले चार नियम रांगेचा विचार करत नाहीत, म्हणून ते तपासून घेणे आवश्यक आहे.

पहिला पूर्वपक्ष डिस्प्ले मोडचा. विंडोड किंवा बॉर्डरलेस मोडमध्ये लॅग वाढतोच, असे म्हटले जाते. या मताला इतिहासाचा भक्कम आधार आहे. २००७ साली विंडोज व्हिस्टासोबत ‘डेस्कटॉप विंडो मॅनेजर’ आला. सर्व खिडक्यांची चित्रे गोळा करून त्यांतून एकच अंतिम चित्र जुळवण्याचे काम तो करतो. विंडोज ७ मध्ये तो बंद करता येत असे. २०१२ च्या विंडोज ८ पासून ती सोय गेली. जुन्या पद्धतीने विंडोत चालणारा गेम आपली फ्रेम खिडकीच्या साठ्यात नकलून ठेवतो आणि मॅनेजर पुढच्या रिफ्रेशच्या वेळी ती उचलतो. या नकलेत आणि प्रतीक्षेत एका रिफ्रेशपर्यंतचा वेळ वाढू शकतो. ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर एक रिफ्रेश म्हणजे १६.७ मिलिसेकंद. एक्सक्लुझिव्ह फुलस्क्रीनमध्ये गेम पडद्याचा थेट ताबा घेतो, मॅनेजर बाजूला होतो आणि हा भुर्दंड टळतो.

हे वर्णन त्या काळापुरते खरे आहे. विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टने ‘फ्लिप’ पद्धत आणली आणि विंडोज १० मध्ये ती पुढे विकसित केली. या पद्धतीत फ्रेमची नक्कल होत नाही, साठ्याचा ताबाच पुढे दिला जातो. गेमने पूर्ण पडदा व्यापला असेल आणि त्याच्यावर दुसरे काही नसेल, तर विंडोज मॅनेजरला वगळून गेमची फ्रेम थेट मॉनिटरकडे पाठवते. या अवस्थेला ‘इंडिपेंडंट फ्लिप’ म्हणतात. २०१६ पासून फ्लिप पद्धतीतही व्ही-सिंकशिवाय, म्हणजे मॉनिटरच्या रिफ्रेशची वाट न पाहता, फ्रेम पाठवता येते. डायरेक्टएक्स १२ मध्ये तर फक्त फ्लिप पद्धतच आहे. तेथे मेनूत ‘फुलस्क्रीन’ लिहिलेले असले तरी जुन्या अर्थाचा एक्सक्लुझिव्ह ताबा नसतो. २०२२ मध्ये विंडोज ११ ने डायरेक्टएक्स १० आणि ११ च्या विंडोड व बॉर्डरलेस गेमना फ्लिप पद्धतीकडे वळवणारा पर्याय सेटिंगमध्ये दिला. अशा गेममध्ये बॉर्डरलेस निवडल्याने पूर्वीसारखा एका रिफ्रेशचा तोटा होत नाही.

मात्र हा लाभ अटींसह मिळतो. गेमवर एखादा ओव्हरले, सूचनेची चौकट किंवा आवाजाची पट्टी आली की विंडोज पुन्हा चित्र जुळवण्याच्या मार्गावर जाऊ शकते. हार्डवेअर चित्राची अनेक प्रतले एकत्र दाखवण्याची सोय देत असेल तर हे काही वेळा टळते. डायरेक्टएक्स ९ च्या गेमना विंडोज ११ चा पर्याय लागू नाही, त्यामुळे तेथे एक्सक्लुझिव्ह फुलस्क्रीनचा आग्रह आजही योग्य ठरतो. निर्णय मोडच्या नावावरून न करता फ्रेम प्रत्यक्षात कोणत्या मार्गाने जाते, यावर करावा. इंटेलचे ‘प्रेझेंटमॉन’ हे मुक्त साधन चालू गेमचा हा मार्ग दाखवते. त्यात ‘हार्डवेअर’ गटातली नोंद दिसली तर फ्रेम थेट जात आहे. ‘कंपोज्ड’ गटातली दिसली तर मॅनेजर मध्ये आहे.

दुसरा पूर्वपक्ष असा की अ‍ॅडाप्टिव्ह सिंक लॅग वाढवते. एनव्हिडियाने ऑक्टोबर २०१३ मध्ये जी-सिंक जाहीर केले. २०१४ मध्ये व्हेसा या मानक संस्थेने डिस्प्लेपोर्ट १.२ए मध्ये अ‍ॅडाप्टिव्ह-सिंकचा समावेश केला आणि एएमडीचे फ्रीसिंक त्याच पायावर उभे राहिले. तिन्हींचे तत्त्व एकच आहे. साधा मॉनिटर ठरलेल्या ठोक्यावर नवे चित्र घेतो. येथे मॉनिटर फ्रेम तयार होईपर्यंत थांबतो आणि ती येताच उमटवू लागतो. १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर गेम १०० फ्रेमने चालत असेल आणि साधा व्ही-सिंक चालू असेल, तर तयार फ्रेमला पुढच्या ठोक्यासाठी जवळपास ६.९ मिलिसेकंदांपर्यंत थांबावे लागते, आणि हा थांबा दर फ्रेमला वेगळा असल्याने हालचाल अडखळते. अ‍ॅडाप्टिव्ह सिंक हीच प्रतीक्षा काढून टाकते. शिवाय गेम ६० फ्रेमने चालला तरी प्रत्येक फ्रेम उमटण्याचा वेग १४४ हर्ट्झचाच राहतो, म्हणजे पडद्याचा तळ गाठायला १६.७ ऐवजी सुमारे ६.९ मिलिसेकंद लागतात.

मग लॅग वाढल्याची तक्रार येते कुठून? ती मर्यादेच्या टोकावर येते. १४४ हर्ट्झचा मॉनिटर ६.९ मिलिसेकंदांहून लवकर पुढची फ्रेम घेऊ शकत नाही. गेमचा वेग तेथे पोहोचला आणि व्ही-सिंक चालू असला, की अ‍ॅडाप्टिव्ह सिंकचे काम संपते आणि साधा व्ही-सिंक सुरू होतो. कार्ड मोकळे, प्रोसेसर मोकळा, पण निकास अडलेला. परिणामी मागे फ्रेम साचतात. डायरेक्टएक्स मूळ सेटिंगमध्ये तीन फ्रेमपर्यंत काम रांगेत घेऊ देते. ६० हर्ट्झवर अशी भरलेली रांग ५० मिलिसेकंदांची होते, १४४ हर्ट्झवर सुमारे २१ मिलिसेकंदांची. खेळाडूला जाणवणारा जडपणा खराच असतो. त्याचे खापर अ‍ॅडाप्टिव्ह सिंकवर फोडणे मात्र चूक, कारण त्या क्षणी ती काम करतच नसते.

यातून तिसऱ्या नियमाचा निकाल लागतो. स्थिर रिफ्रेशवर व्ही-सिंक लॅग वाढवतो, यात वाद नाही. अ‍ॅडाप्टिव्ह सिंकच्या पल्ल्यात मात्र त्याची भूमिका बदलते. तेथे मॉनिटरच फ्रेमसाठी थांबत असल्याने व्ही-सिंकला अडवण्यासारखे फारसे उरत नाही. फ्रेमचा वेळ सरासरीने सारखा असला तरी प्रत्यक्षात वरखाली होत असतो. एखादी फ्रेम सहा मिलिसेकंदांतच तयार झाली, तर व्ही-सिंक बंद असताना चित्र फाटते, म्हणजे दोन फ्रेमचे तुकडे एकाच वेळी दिसतात; चालू असताना ती फ्रेम उरलेला एखादा मिलिसेकंद थांबते आणि अखंड दिसते. इतक्या अल्प किमतीत फाटलेले चित्र टळत असेल, तर व्ही-सिंक सरसकट बंद करण्याचा सल्ला अविचाराचा आहे.

चौथा नियम सर्वांत पक्का मानला जातो: फ्रेम वाढल्या की लॅग घटतो, म्हणून त्यांवर मर्यादा घालू नये. फ्रेम लवकर तयार होणे हिताचेच आहे. परंतु कार्ड शंभर टक्के भाराखाली असते, तेव्हा प्रोसेसर पुढच्या फ्रेमचे काम आधीच आखून ठेवतो आणि त्या फ्रेममध्ये माउसची शिळी खबर कैद होते. मर्यादा घालून कार्डाला थोडी उसंत दिली, की ही रांग ओसरते. दर सेकंदाला फ्रेम कमी दिसूनही हाताला गेम हलका लागू शकतो. सप्टेंबर २०२० मध्ये आलेले एनव्हिडियाचे रिफ्लेक्स हेच काम गेमच्या आतून करते: कार्ड मोकळे होईपर्यंत ते प्रोसेसरला थोपवते, म्हणजे इनपुट शक्य तितक्या उशिरा वाचले जाते.

खंडनानंतर उभा राहणारा सिद्धान्त असा. अखंड चित्र आणि कमी लॅग एकत्र हवे असतील, तर अ‍ॅडाप्टिव्ह सिंक चालू ठेवावी, ड्रायव्हरमधला व्ही-सिंक चालू ठेवावा आणि फ्रेमची मर्यादा मॉनिटरच्या कमाल रिफ्रेशच्या थोडी खाली बांधावी. १४४ हर्ट्झवर १३८ ते १४१ ही मर्यादा पुरते. जी-सिंक व व्ही-सिंकसोबत रिफ्लेक्स चालू असेल तर ते स्वतःच १३८ च्या आसपास मर्यादा घालते. मर्यादा शक्यतो गेममधल्याच पर्यायाने घालावी. तो इनपुट वाचण्याआधी थांबतो. बाहेरून लावलेला मर्यादक बहुधा इनपुट वाचून झाल्यावर थांबवतो आणि तेवढी खबर शिळी करतो. खालच्या टोकालाही लक्ष हवे. अनेक मॉनिटरांचा पल्ला ४८ हर्ट्झच्या आसपास सुरू होतो. त्याखाली तीच फ्रेम दोनदा दाखवून पल्ला सांभाळण्याची सोय असते, पण त्यासाठी वरची मर्यादा खालच्या मर्यादेच्या किमान दुप्पट असावी लागते. खरेदीपूर्वी हा पल्ला पाहून घेतलेला बरा.

या सिद्धान्ताला एक खरा अपवाद आहे. काउंटर-स्ट्राइकसारख्या स्पर्धात्मक गेममध्ये कार्ड सेकंदाला चार-पाचशे फ्रेम देत असेल, तर व्ही-सिंक व अ‍ॅडाप्टिव्ह सिंक दोन्ही बंद ठेवून सर्वांत कमी लॅग मिळतो. एकाच रिफ्रेशमध्ये अनेक फ्रेमचे तुकडे उमटतात आणि प्रत्येक तुकड्यात अधिक ताजी खबर असते. चित्र फाटते, पण वेग इतका असताना फाटीच्या दोन बाजूंतला फरक बारीक राहतो. हा पर्याय अत्यंत वेगवान यंत्राचा आणि त्या प्रकारच्या खेळाचा आहे. ज्यांचा गेम ७० ते १३० फ्रेमच्या दरम्यान चालतो, त्यांना त्यातून ठळक फाटी मिळतात आणि वाचतात ते जेमतेम काही मिलिसेकंद. अशा खेळाडूंनी नवे मॉनिटर किंवा कार्ड घेण्याआधी प्रेझेंटमॉनमध्ये फ्रेमचा मार्ग पाहावा, मर्यादा बांधावी आणि कार्डावरचा भार तपासावा. या तीन गोष्टींना पैसे लागत नाहीत आणि टाळता येण्याजोग्या लॅगचा मोठा भाग त्यांतच सापडतो.