बिनखर्चाच्या आनंदाचा खर्च

शाळांना सुटी लागली की घरोघरी एक प्रश्न उपस्थित होतो : मुलांना गुंतवायचे कशात? त्याचे उत्तर आता बहुधा बाजार देतो. शिबिरे, छंदवर्ग, मॉलमधील खेळघरे यांचे शुल्क भरले म्हणजे पालकत्वाचा एक हप्ता फेडल्याचे समाधान लाभते. ज्यांना ते परवडत नाही, त्यांच्या मनात मात्र आपण मुलांना काही देऊ शकत नाही, ही खंत घर करते.

ही खंत कितपत रास्त आहे? दिवाळीतील किल्ल्याचेच उदाहरण घ्यावे. माती, दगड, जुने पोते आणि मूठभर हळीव एवढ्या भांडवलावर तो उभा राहतो. तोच आता बाजारात तयार मिळतो. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात विकतचा किल्ला धरला जातो, घरचा धरला जात नाही. घर सांभाळणाऱ्या पगारी बाईशी मालकाने विवाह केला तर राष्ट्रीय उत्पन्न घटते, ही विसंगती पिगू या अर्थशास्त्रज्ञाने १९२० सालच्या आपल्या ग्रंथात दाखविली होती. येथे तिचीच दुसरी बाजू दिसते : उत्पन्न वाढते आणि मुलांचे चिखलात माखलेले हात तेवढे हिशेबातून निसटतात.

अशा आनंदाला तोटा नाही. महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो. त्यातील पहिली वेळ मे महिन्यात, म्हणजे ऐन सुटीत असते. पुण्यात मेच्या मध्यास भर दुपारी सरळ काठी रोवली तर क्षणभर तिची सावली नाहीशी होते. तिकीट नसलेला हा विज्ञानाचा धडा आहे. काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांतून भूमिती शिकविणारे अरविंद गुप्ता यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या खेळण्यांना लागणारे साहित्य बहुतेक घरांत टाकाऊ म्हणूनच पडलेले असते.

तथापि येथेच थांबणे म्हणजे अर्धेच सत्य सांगणे होय. पैसा न लागणाऱ्या या खेळांना दोन गोष्टी लागतात : मोठ्या माणसाचा वेळ आणि मोकळी जागा. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या आईला मुलासोबत घालविलेला तास बुडालेल्या मजुरीच्या रूपाने मोजावा लागतो. एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबाला किल्ल्यासाठी अंगण कोठून येणार? तेव्हा ‘आनंदाला पैसा लागत नाही’ हे सुभाषित सवड असणाऱ्यांच्या तोंडीच शोभते. इतरांसाठी ती सोय समाजानेच करावयास हवी.

त्यासाठी नवी इमारत नको. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ मध्येच झाला. मुलांच्या खेळण्याचा व विरंगुळ्याचा हक्क मान्य करणारा १९८९ चा आंतरराष्ट्रीय करार भारताने १९९२ मध्ये स्वीकारला. असे असूनही अनेक शाळांची पटांगणे सुटीत कुलपात असतात. ती सकाळ-संध्याकाळ उघडी ठेवावीत, प्रत्येक ग्रंथालयात बालविभाग असावा आणि गोष्टी सांगण्यासाठी, खेळ घेण्यासाठी एखाद्या होतकरू तरुणास मानधन द्यावे. पालिकांची तिजोरी रिकामी आहे, हा आक्षेप येईल. परंतु जागा आणि भिंती यांवरील खर्च पूर्वीच झालेला आहे. आता लागणार आहे ते रखवालदाराचे वेतन आणि थोडे मानधन.

खरा अडसर निराळाच आहे. ज्यांच्या तक्रारीची दखल घेतली जाते, तो वर्ग मुलांची करमणूक विकत घेऊ लागला की उद्यानातील मोडक्या झोपाळ्याबद्दल बोलणारे कोणी उरत नाही. मग तो झोपाळा मोडकाच राहतो, आणि दुसरा झोपाळा नसलेली मुले त्याच्याकडे पाहत उभी राहतात. म्हणून सुस्थितीतील पालकांनी आठवड्यातून एक संध्याकाळ तरी आपली मुले सार्वजनिक उद्यानात न्यावीत आणि तेथे जे मोडले असेल त्याची तक्रार लेखी करावी. त्यात त्यांच्या मुलांचा आनंद तर आहेच, शेजारच्या वस्तीतील मुलांचाही आहे.